वन्य कुरंगांतील साथरोग व त्यांचे अन्वेषण

वन्य कुरंगांतील साथरोग व त्यांचे अन्वेषण : काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय इ. बोव्हिडी कुलातील वन्य प्राण्यांना (कुरंगांना) होणाऱ्या साथीच्या रोगांचा शोध घेणे, त्यांचे कारण निश्चित करणे व ते कोठून आले हे ठरविणे या कार्यास रोग-अन्वेषण म्हणतात. गायी, म्हशी, शेळ्या व मेंढ्या या पाळीव प्राण्यांचा समावेशही बोव्हिडी कुलातच होतो. या आप्तसंबंधामुळे गोठ्यातील अनेक रोग रानात व रानातील काही रोग गोठ्यात जाऊ शकतात. सांबर, चितळ इ. मृगांचे कुल निराळे असले, तरी तेही रवंथ करणारे असल्याने यांपैकी काही रोगांना बळी पडतात. पाळीव जनावराचा मृत्यू मालकाच्या डोळ्यांसमोर होतो. रानातील प्राणी मात्र आडोशाला जाऊन मरतो व तरस, कोल्हे आणि गिधाडे त्याचे अवशेष अल्पावधीत नाहीसे करतात. त्यामुळे वन्य प्राण्यांतील साथींचा इतिहास हा बव्हंशी उशिरा पोहोचलेल्या तपासनिसांचा इतिहास आहे. वेळेवर पोहोचता आले तेथे मात्र एका साथीच्या तपासाने सबंध खंडाचे पशुधन वाचल्याची उदाहरणेही याच इतिहासात आढळतात.

प्रादेशिक पार्श्वभूमी : बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास सोयीचा आहे. तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व मध्य प्रदेशाची सीमा असून दक्षिणेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा कापूस-ज्वारीचा सपाट प्रदेश आहे. १९०५ पर्यंत हा तालुका वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात मोडत असे. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य (स्थापना १९९७) असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अजिंठ्याच्या रांगांत ज्ञानगंगा अभयारण्य (१९९७) आहे. या वनांत नीलगाय, चौशिंगा व चिंकारा हे कुरंग आढळतात. नीलगायीस या भागात ‘रोही’ म्हणतात. वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य (२०००) खास काळविटांसाठी राखलेले आहे.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावांची गुरे चराईसाठी रानात जातात, तर रोही व हरिणे रात्री शेतात उतरतात. उन्हाळ्यात पाणवठे आटले, की गुरे, शेळ्या व वन्य प्राणी एकाच डबक्यावर येतात. यांशिवाय मेंढपाळांचे व काठेवाडी गुराख्यांचे कळप दूरचा प्रवास करीत विदर्भात येतात. रोगाच्या संक्रमणास लागणारी सर्व परिस्थिती अशा प्रकारे येथे एकत्र आलेली आहे. साथ आली म्हणजे गुराखी वन्य प्राण्यांना आणि वनसंरक्षक गुराख्यांना दोष देतात. या वादाचा निर्णय पुराव्याने करणे, हे रोग-अन्वेषणाचे मूळ प्रयोजन होय.

बुळकांडीचा कालखंड : भारतात पशुरोगांचा पद्धतशीर शोध बुळकांडीपासून सुरू झाला. तीव्र ज्वर, तोंडात व्रण, दुर्गंधीयुक्त हगवण व सहा ते बारा दिवसांत मृत्यू ही तिची लक्षणे होत. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय पशुप्लेग आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. जे. एच. बी. हॅलन हे या आयोगाचे प्रमुख होते. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुणे येथे इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही प्रयोगशाळा स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होत. दाट वस्तीच्या शहरात संसर्गजन्य पदार्थ हाताळणे धोक्याचे असल्यामुळे १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हे तिचेच विकसित रूप होय.

याच सुमारास आफ्रिकेत बुळकांडीने अभूतपूर्व संहार केला. १८८७ च्या सुमारास ती इटालियन सैन्याबरोबर आणलेल्या गुरांतून एरिट्रियात शिरली व दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. अनेक प्रदेशांतील ८० ते ९० टक्के गुरे मेली. त्यांच्याबरोबर रानम्हशी, कुडू, ईलँड व नू या वन्य प्राण्यांचे कळपच्या कळप नष्ट झाले. रोगाच्या शोधासाठी रॉबर्ट कॉख हे १८९६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे गेले. तेथे त्यांनी रोगी जनावराच्या पित्ताचे अंतःक्रामण करून प्रतिबंध करण्याची पद्धत सुचविली. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासासाठी ते मुंबईस आले व मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेसही त्यांनी भेट दिली. बुळकांडीचे कारण सूक्ष्मजंतू नसून गाळणीतून आरपार जाणारा व्हायरस आहे, हे मॉरिस निकोल व आदिल बे यांनी इस्तंबूल येथे १९०२ मध्ये सिद्ध केले. १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी हा व्हायरस शेळ्यांमध्ये वारंवार वाढवून सौम्य केला. त्यापासून तयार केलेली लस भारतीय गुरांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

रोगाचा साठा कोठे असतो, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. वन्य प्राणी हेच बुळकांडीचे भांडार असून त्यांच्यापासून गुरांना रोग होतो, असा समज आफ्रिकेत दृढ होता. पूर्व आफ्रिकेत नूच्या वासरांमध्ये बुळकांडी वर्षानुवर्षे दिसत असल्याने या समजास बळकटी मिळे. वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियातील मुगुगा येथे ऊतकसंवर्धनावर वाढविलेली लस १९६० च्या सुमारास तयार केली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना लस टोचण्यात आली, तेव्हा त्या समजाचे परीक्षण आपोआप घडून आले. एकाही नूला लस न टोचता १९६३ नंतर नूमधील बुळकांडी नाहीशी झाली. पुढे जन्मलेल्या वासरांच्या रक्तात तिची प्रतिपिंडे सापडली नाहीत. १९६१ मध्ये सु. अडीच लाख असलेली नूंची संख्या १९७७ च्या सुमारास तेरा लाखांवर गेली. रोगाचा साठा गुरांमध्ये होता व वन्य प्राणी त्याचे बळी होते, हे यावरून स्पष्ट झाले.

भारतातील अनुभव याच्याशी जुळणारा आहे. राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू झाला. तो पूर्ण होण्यापूर्वी १९६८ मध्ये बंदीपूर-मुदुमलाई वनांतील गव्यांमध्ये बुळकांडीची भीषण साथ आली व तेथील गवे जवळजवळ नाहीसे झाले. आसपासच्या गावांतील गुरांची वनात होणारी चराई हा रोगप्रसाराचा मार्ग मानला गेला. गुरांतील लसीकरण व्यापक झाल्यावर वनांतील साथी क्रमाने थांबल्या. भारतातील बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला व २००६ मध्ये देश या रोगाच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले.

वन्य प्राणी रोगाचे बळी असले, तरी ते साक्षीदारही असतात, हे केनियातील त्साव्हो राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून दिसते. १९९४ मध्ये तेथे रानम्हशी व लहान कुडू मोठ्या संख्येने मरू लागले. रिचर्ड कॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तपासात ही बुळकांडी असल्याचे निष्पन्न झाले. त्या प्रदेशातील गुरांमध्ये हाच व्हायरस इतक्या सौम्य रूपात वावरत होता, की त्याची दखल घेतली गेली नव्हती. कुरंगांच्या मृत्यूमुळे गुरांतील छुपा रोग उघड झाला. केनियातील मेरू राष्ट्रीय उद्यानातील रानम्हशींत २००१ मध्ये आढळलेली बुळकांडी ही जगातील अखेरची नोंद ठरली आणि २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. मानवाच्या देवी या रोगानंतर संपूर्णपणे नष्ट झालेला हा दुसराच रोग होय.

घटसर्प : हा पाश्चुरेला मल्टोसिडा या सूक्ष्मजंतूमुळे होणारा रोग आहे. महाराष्ट्रात तो गायी-म्हशींमध्ये पावसाळ्याच्या आरंभी आढळतो व त्यामुळे लस पावसाळ्यापूर्वी टोचतात. हे जंतू निरोगी जनावरांच्या घशातही असू शकतात. उपासमार, थकवा वा हवामानातील आकस्मिक बदल यांमुळे जनावराची प्रतिकारक्षमता कमी झाली, की ते रक्तात शिरून झपाट्याने वाढतात.

या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात उदाहरण कझाकस्तानातील सैगा या कुरंगाचे आहे. मे २०१५ मध्ये बेतपाक-दाला प्रदेशात वीण चालू असताना सु. तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सैगा मेले. सैगांच्या तत्कालीन जागतिक संख्येच्या निम्म्याहून अधिक हा भाग होता. रोग शिरलेल्या कळपांतील सर्वच्या सर्व माद्या व त्यांची पिले मेली. विणीच्या वार्षिक पाहणीसाठी गेलेले शास्त्रज्ञ प्रथमपासून जागेवर हजर असल्यामुळे मृत्यूचा क्रम पाहता आला, ताजे नमुने घेता आले व माती, पाणी आणि वनस्पती यांचीही तपासणी करता आली. अग्निबाणांचे इंधन, विषारी गवत इ. कारणांविषयी उठलेल्या अफवा पुराव्याअभावी टिकल्या नाहीत. पा. मल्टोसिडाच्या ‘बी’ प्रकाराने झालेला घटसर्प हे मृत्यूचे कारण निश्चित झाले. साथीपूर्वीच्या दहा दिवसांतील हवा नेहमीपेक्षा उष्ण व दमट होती. १९८१ व १९८८ मधील सैगांच्या सामुदायिक मृत्यूंच्या वेळीही हवामानाची स्थिती अशीच असल्याचे जुन्या नोंदींवरून आढळले. हे संशोधन जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकारबंदी व संरक्षण यांमुळे सैगांची संख्या पुढे झपाट्याने वाढली आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत त्यांचा ‘अतिसंकटग्रस्त’ हा दर्जा बदलून सौम्य करण्यात आला.

असाच प्रकार लहान प्रमाणावर बेळगावजवळील भुतरामनहट्टी येथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात घडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सु. तीस काळविटे काही दिवसांच्या अंतराने मेली व तपासणीत घटसर्पाचे निदान झाले. बंदिस्त कळपात मृत्यू तत्काळ लक्षात येतात व शवे हाती लागतात. तरीही इतके प्राणी दगावले. रोगाची गती निदानाच्या गतीपेक्षा किती अधिक असते, याची यावरून कल्पना येते.

शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी : बुळकांडीच्या व्हायरसाशी जवळचे नाते असणारा पीपीआर या नावाने ओळखला जाणारा हा रोग प्रथम १९४२ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे वर्णिला गेला. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. मंगोलियात २०१६ मध्ये तो शेळ्या-मेंढ्यांत शिरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून तेथील सैगांमध्ये पसरला. मंगोलियन सैगांची संख्या मुळातच सु. दहा हजार होती; तीपैकी निम्म्याहून अधिक प्राणी मेले. २०३० पर्यंत या रोगाचे जागतिक उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आहे. मेंढपाळांचे कळप हंगामानुसार फिरत असल्यामुळे लसीकरणाच्या नोंदी एका गावापुरत्या ठेवून भागत नाही. कळपाच्या संपूर्ण मार्गाचा विचार करावा लागतो.

लंपी त्वचारोग : त्वचेवर गाठी उठणारा हा व्हायरसजन्य रोग १९२९ मध्ये उत्तर ऱ्होडेशियात (सध्याचा झँबिया) प्रथम नोंदला गेला व भारतात २०१९ मध्ये ओडिशात आढळला. तो मुख्यतः डास, गोचीड, गोमाशा इ. कीटकांमार्फत पसरतो. २०२२ मध्ये त्याने राजस्थान व गुजरातमध्ये थैमान घातले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील साथीची सुरुवात जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात झाली. तेथून ती पूर्वेकडे सातपुड्याच्या पायथ्याने व पूर्णेच्या खोऱ्याने सरकली. राज्यातील सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता. गुरांचे आठवडी बाजार बंद करण्यात आले, जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्यात आले व शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. नांगरणी-वखरणीसाठी बैलांवर अवलंबून असलेल्या लहान शेतकऱ्यांना एक बैल जाणे म्हणजे सबंध हंगाम जाण्यासारखे होते.

याच काळात राजस्थानात बिकानेर भागातील मुक्त वावरणाऱ्या चिंकाऱ्यांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या. प्रयोगशाळेतील परीक्षणात त्यांना लंपी रोगाच्या व्हायरसाचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले व हा शोध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील मुक्त वन्य चिंकाऱ्यांत या रोगाची शास्त्रीय खात्री प्रथमच झाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांच्या दृष्टीने याचे महत्त्व उघड आहे. गोठ्यात साथ असताना शेजारच्या रानातील चिंकारा व नीलगाय यांच्यावर लक्ष ठेवणे, हा त्यानंतर केवळ कुतूहलाचा विषय राहिला नाही.

अन्वेषणाची पद्धती : वन्य प्राण्याचे शव आढळल्यास प्रथम स्थळाची पाहणी करतात. शवांची संख्या, जाती, वय व लिंग, त्यांतील परस्पर अंतर, झटापटीच्या खुणा, जवळचे पाणी व पीक यांची नोंद घेतात. केवळ एकाच जातीचे प्राणी मेले, की सर्वच जातींचे, यावरून तपासाची दिशा ठरते. पाणवठ्यावर हरिणांबरोबर पक्षी व कोल्हेही मेलेले असल्यास विषबाधेचा संशय बळावतो. कापसाच्या पट्ट्यात फवारणीची कीटकनाशके व ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांतील हायड्रोसायनिक अम्ल यांचा विचार करणे आवश्यक असते.

नाक, तोंड व गुदद्वार यांतून न गोठलेले काळसर रक्त येत असल्यास शव उघडत नाहीत. कारण ते फाशी या रोगाचे चिन्ह असू शकते. शव उघडल्यास त्या जंतूंची हवेशी गाठ पडून चिवट बीजाणू तयार होतात व ते जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. अशा वेळी कानाच्या शिरेतील रक्ताचा लेप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. घटसर्पात रक्ताच्या लेपात दोन्ही टोकांना रंग घेणारे जंतू दिसतात. शव सडले असल्यास लांब हाडातील मज्जा उपयोगी पडते, कारण ती उशिरा कुजते. व्हायरसाच्या परीक्षणासाठी घेतलेले नमुने बर्फात ठेवून पाठवितात, तर ऊतकांच्या सूक्ष्म रचनेच्या अभ्यासासाठी त्यांचे तुकडे फॉर्मॅलिनाच्या विद्रावात ठेवतात. उन्हाळ्यात विदर्भातील तापमान ४५° से. च्या आसपास जात असल्याने काही तासांतच नमुने निरुपयोगी होतात. पहिली वर्दी देणारा वनरक्षक वा गुराखी म्हणूनच तपासातील महत्त्वाचा दुवा ठरतो.

नमुन्यांच्या परीक्षणासाठी पुणे येथील राज्य शासनाचा रोग अन्वेषण विभाग, नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना २०००) गोरेवाडा वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र, इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आणि भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था या प्रमुख संस्था आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार काळवीट, चिंकारा व चौशिंगा यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे शवाची तपासणी व विल्हेवाट वन खात्याच्या देखरेखीखाली करावी लागते.

रोगाचे जंतू सापडले, एवढ्यावरून ते मृत्यूचे कारण ठरत नाहीत. घटसर्पाचे जंतू निरोगी प्राण्यातही असतात. तसेच रक्तातील प्रतिपिंडे पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची निदर्शक असू शकतात. जॉर्ज शॅलर यांनी १९६३–६५ मध्ये कान्हा येथे चितळ, बारशिंगा, काळवीट व गवा यांचा अभ्यास केला. तेथील बारशिंग्यांच्या घटत्या संख्येमागे ब्रूसेला जंतूंचा संसर्ग असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. पुढील अभ्यासात मात्र गवताळ अधिवासाचा ऱ्हास हे अधिक महत्त्वाचे कारण असल्याचे दिसून आले. कुरणांचे रक्षण व वनातील गावांचे स्थलांतर यांनंतर बारशिंग्यांची संख्या वाढली. रोगाचे निदान चुकले, तर उपायही चुकीच्या ठिकाणी होतात, याचे हे उदाहरण होय.

प्रतिबंध : मुक्त वन्य कुरंगांना पकडून लस टोचणे बहुधा व्यवहार्य नसते. पाठलाग व पकड यांच्या ताणाने स्नायूंचा ऱ्हास होऊन हरिणे मरतात. रानाभोवतालच्या गावांतील गुरांचे व शेळ्या-मेंढ्यांचे नियमित लसीकरण, साथीच्या काळात वनातील चराईवर तात्पुरता निर्बंध, गुरांसाठी गावातच पाण्याची सोय आणि मृत जनावरे उघड्यावर न टाकता खोल पुरणे, हे उपाय त्यामुळे अधिक परिणामकारक ठरतात. लाळ्या-खुरकत व ब्रूसेला जंतूंचा संसर्ग यांच्या नियंत्रणासाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात पाळीव जनावरांचे लसीकरण होत असले, तरी त्याचा लाभ रानालाही मिळतो. चराई कायमची बंद करून गुराख्यास रानाबाहेर घालविल्यास रोगाचा मार्ग एका बाजूने बंद होतो. परंतु शवाची पहिली वर्दी देणारा माणूसही त्याबरोबर जातो. सेरेंगेटीतील नूंचे संरक्षण गोठ्यातील लसीने झाले आणि त्साव्होतील कुडूंच्या मृत्यूने गोठ्यातील छुपा रोग दाखवून दिला. पशुवैद्यक, वनरक्षक व गुराखी या तिघांच्या नोंदी एकत्र येतील तेथेच अशा साथींचा वेळीच शोध लागणे शक्य असते.